सोमवार पाळणारे मासे

आमच्या हौदातले मासे शाकाहारी आहेत, ही बातमी उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मीच पसरवली. लोक हसले, मीही हसलो. तुरीला उठाव नसला की आडतीवर बसलेल्या माणसाला हसायला काहीतरी लागतं, आणि माझा तो माल घरीच तयार होत होता.

मी विरूपाक्ष, डाळीचा आडत्या. बायको गौरम्मा. एकुलती एक मुलगी शिवकन्या, ती निलंग्याला दिलेली. एवढी माणसं पुरे. आता हौदाचं सांगतो, कारण जे काही घडलं ते त्याच्यातच घडलं.

आमच्या भागात नळ रोज येत नाही. आठवड्याने येतो, कधी त्याहून लांबतो. त्यामुळे आमच्याकडे मुलगी द्यायला आलेले पाहुणे घराच्या खोल्या बघत नाहीत, पाणी किती साठतं ते विचारतात. माझ्या वडिलांनी घर बांधायला काढलं तेव्हा आधी अंगणात हौद बांधला, मग उरलेल्या जागेत घर. हौद छातीइतका खोल, अर्ध्या भागावर फरशी, अर्धा उघडा. तो काठोकाठ भरलेला दिसला की गौरम्माचा आवाज खाली येतो. एरवी तो कुठे असतो ते गल्लीला माहीत आहे.

आणि अशा गावात हनीफची नोकरी साठवलेलं पाणी ओतायला सांगण्याची. हनीफ आमच्या मागच्या भिंतीपलीकडे राहतो. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी आडतीवर बसलो आणि तो हिवताप विभागात लागला. हातात टॉर्च घेऊन घरोघर फिरायचं, रांजण-पिंप-हौद उघडून बघायचे, डासाच्या अळ्या दिसल्या की भांडं रिकामं करून घ्यायचं. डेंगूचा डास चांगल्या, स्वच्छ, साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो म्हणे. म्हणजे त्याची आणि आमची आवड एकच.

"अप्पा, आठवड्यातनं एक कोरडा दिवस पाळा," असं तो दर खेपेला सांगायचा.

"हनीफभाई, आमचे सहा दिवस कोरडेच असतात. एखादा ओला दिवस पाळता आला तर बघा," असं मी दर खेपेला म्हणायचो.

मग त्याने पाण्यात टाकायचं औषध आणलं. गौरम्मा हौदाच्या आडवी उभी राहिली. त्या पाण्याने ती रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा करते. त्यात औषध पडू द्यायला ती काही तयार होईना. हनीफने बाटली परत पिशवीत ठेवली आणि चहा घेऊन गेला.

त्या वर्षी श्रावणात गल्लीत तीन घरांत डेंगू निघाला. पुढच्याच सोमवारी हनीफ आला तो पाणी भरलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन. पिशवीत बोटाच्या पेराएवढे मासे फिरत होते.

"हे काय आनलं?" गौरम्माने विचारलं.

"गप्पी मासे हायेत, भाभी. हौदात सोडायला."

गौरम्मा दोन पावलं मागे सरली. आमच्या घरात केकसुद्धा बिनअंड्याचा आहे याची बेकरीवाल्याकडून शपथ घेऊन मगच कापतात.

"मासे? आमच्या घरात? आन् आज सोमवारी?"

"खायला थोडीच दिलेत? पाण्यात राहतील गुमान."

"तेच की. पाण्यात मासे आले की पाणी काय राहिलं मग?"

हनीफने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. संसारात आभाळाकडे कधी बघायचं हे ज्याला कळलं तो सुखी होतो.

"भाभी, मांजरा नदीचं पानी जलमभर पिऊन राहिले तुमी. तिच्यात मासे न्हाईत का?"

"ते मला दिसत न्हाईत."

हनीफ पिशवी घेऊन दारापर्यंत गेला आणि तिथे थांबला.

"शिवकन्या येनार हाय ना पहिल्या बाळंतपनाला?" तो म्हणाला. "भाभी, पोटुशीला डेंगू झाला तर लई वंगाळ. दोन जीव असतेत. मी बगितलंय."

गौरम्मा आत गेली, तांब्याची मोठी घागर घेऊन आली, ती देवघराच्या उंबऱ्यापाशी ठेवली आणि तिच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलं. पूजेचं पाणी आता थेट नळावरून घागरीत भरायचं, हौदाचा त्याच्याशी संबंध नाही. मग ती हनीफला म्हणाली, "सोडा."

मासे हौदात गेले. शिवकन्येसाठी गौरम्माने आयुष्यात सोडलेल्या गोष्टींत हा नियम सगळ्यात मोठा होता, हे मला तेव्हाही दिसत होतं. पण मी चेष्टेच्या तयारीत होतो.

"काय खातेत हे?" तिने वाकून विचारलं.

"डासाच्या अळ्या."

"जित्या?"

"हाव. जित्याच."

तिचा चेहरा उतरला. तेव्हा मी ते वाक्य बोललो. "हे बघा, आमच्या घरात राहायचं तर आमचं खायचं. हे माशांनाबी लागू हाय!"

हनीफ खो खो हसला. निघताना त्याने बजावलं, "भाभी, ह्यांना काही घालू नका बरं का. उपाशी असले तरच अळ्या खातेत."

मी हसण्यावारी बोललो आणि विसरलो. गौरम्मा विसरली नाही. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, तिने माझं एवढंच एक वाक्य मानलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हौदाच्या कडेला चिमूटभर ज्वारीचं पीठ घेऊन उभी होती.

"अगं, हनीफ काय म्हणाला? काही घालू नका."

"कामाला लावायचं आन् उपाशी ठेवायचं?" ती म्हणाली. "आडतीवर हमाल आला की तुमी आधी चहा सांगता का न्हाई? कायक करतेत ना हे? मग त्यांना दासोह नको?"

आमच्यात कायक म्हणजे आपापलं काम, आणि दासोह म्हणजे आल्यागेल्याला जेवू घालणं. ही दोन आमच्या धर्माची दोन चाकं, असं लहानपणापासून ऐकत आलो. माशाच्या बाबतीत ती लावावीत का, हे कुठल्या स्वामींनी सांगितलेलं नव्हतं. पण नाहीही म्हटलेलं नव्हतं. शिवाय पोट भरलं म्हणजे त्यांना जीव मारायची गरज पडणार नाही, हेही तिने मनात धरलं होतं. आपल्या अंगणात, आपल्या हौदात, आपण आणून सोडलेल्या जीवाने हत्या करावी, तीही श्रावणात, हे तिला सोसवत नव्हतं. मी मोंढ्यात जाऊन सांगितलं की आमचे मासे शाकाहारी आहेत. बातमी अशी पसरली.

मग पिठाचा भात झाला, भाताची डाळ झाली. राखीपौर्णिमेला मासे नारळीभात जेवले. गौरी-गणपतीला पुरण. हौदावर गौरम्माच्या हाताची सावली पडली की सगळे गोळा व्हायचे. त्यांना पिल्लं झाली, पिल्लांना पिल्लं झाली. सगळ्यात ढेरपोट्या माशाला तिने अण्णा म्हणायला सुरुवात केली. अण्णा नावाचे माझे थोरले बंधू आहेत. ते कळल्यापासून आमच्याकडे जेवायला आले नाहीत.

हनीफने हे बघितलं असतं तर तिथल्या तिथे बंद पाडलं असतं. पण त्याची ड्युटी देवणीकडच्या गावांत लागली होती, पहाटे जायचा आणि दिवस बुडाल्यावर यायचा. त्याच्या जागी आलेला माणूस दारातून विचारायचा, "मासे हायेत?" आम्ही म्हणायचो, "हायेत." तो भिंतीवर खडूने खूण करून पुढे जायचा. मासे होते. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

भाद्रपदातल्या महालक्ष्म्या उठल्या आणि शिवकन्या आली. सातवा सरत आलेला. माहेरी आलेल्या मुलीचं जे होतं ते तिचं झालं. उशिरा उठायची, आईशी भांडायची, आणि दुपारभर हौदाच्या कडेला पाय सोडून बसायची. तिथे गारवा असायचा. हातात कुरमुऱ्याची वाटी. चार कुरमुरे स्वतःला, एक अण्णाला.

आम्ही काळजी घेत नव्हतो असं नाही. संध्याकाळ झाली की दारं-खिडक्या बंद, उदबत्ती, कडुनिंबाचा धूर, आणि रात्री तिच्या पलंगाला मच्छरदाणी, तीही गादीखाली खोचलेली. गौरम्मा मच्छरदाणीत आधी स्वतः शिरून डास बघायची आणि मग मुलीला झोपवायची. डेंगूचा डास दिवसा चावतो, हे हनीफने आम्हाला किमान वीस वेळा सांगितलं असेल. जे वीस वेळा ऐकलेलं असतं ते माणसाने कधीच ऐकलेलं नसतं.

नवरात्रात शिवकन्येला ताप भरला. डोळ्यांच्या मागे दुखतं म्हणाली, हाडं मोडून आल्यागत होतंय म्हणाली. उदगीरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. डेंगू निघाला आणि पेशी कमी झालेल्या निघाल्या.

तिथून पुढे आमच्या घरात दोन पक्ष पडले. माझा चुलतभाऊ संगप्पा पपईची पानं घेऊन आला, त्यांच्या रसाने पेशी वाढतात म्हणून. निलंग्याहून शिवकन्येची सासू गुरम्माबाई माझ्या जावयासोबत आल्या आणि पानं बघून किंचाळल्या, कारण गरोदर बाईला पपई चालत नाही. संगप्पा म्हणाला, फळ चालत नाही, पान चालतं. गुरम्माबाई म्हणाल्या, झाड तर पपईचंच हाय ना. तिसऱ्या कुणीतरी शेळीचं दूध आणलं, चौथ्याने किवी. शिवकन्या भिंतीकडे तोंड करून पडली होती. डॉक्टरांनी यातलं काहीही देऊ नका म्हणून सांगितलं, ताप उतरवायच्या गोळ्याही मनाने द्यायच्या नाहीत, आणि लगेच लातूरला हलवा म्हणाले.

मला भीती वाटली. लातूरच्या वाटेवर, नळेगावच्या पुढे, जीपमध्ये शिवकन्येने माझं बोट धरलं, लहानपणी जत्रेत धरायची तसं. तिचा हात इतका तापला होता की मला बोट काढून घ्यावंसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज वाटली.

लातूरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सलाइन लावलं, पोटावर यंत्र ठेवून बाळाचे ठोके ऐकवले. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. आम्ही हात जोडले, तर त्या म्हणाल्या, "आत्ता खरं लक्ष ठेवायचं. ह्या आजारात ताप उतरल्यावरच माणूस बिघडतं." असा उफराटा आजार मी पाहिला नव्हता.

त्याच दुपारी शिवकन्येने मला जवळ बोलावलं. तिच्या दंडावर लाल बारीक ठिपके उठले होते.

"अप्पा, एक काम करता?"

"सांग की बाळ."

"घरी कुनीच न्हाई. मासे उपाशी असतील."

गौरम्मा कोपऱ्यात बसली होती. तिनेही लगेच मान वर केली. "हाव, जाऊन या तुमी. तसंबी कपडे आनायचेत. पीठ चुलीच्या वरच्या डब्यात हाय. मुक्या जिवाचा तळतळाट नको ह्या वक्ताला."

मी एस.टी.ने उदगीरला आलो. दार उघडलं, कपडे घेतले, डब्यातून मूठभर पीठ घेतलं आणि अंगणात आलो. हौदावर हनीफ वाकलेला होता. मागच्या भिंतीवरून उतरून आला होता, शाळेत असताना यायचा तसा. हातात टॉर्च, कडेला पांढरी वाटी.

"अप्पा," तो मागे न बघताच म्हणाला, "तुमी मासे पाळून राहिले का डास?"

त्याने वाटी माझ्यापुढे धरली. वाटीतल्या पाण्यात केसाच्या तुकड्यांएवढ्या अळ्या वळवळत होत्या. हौदात टॉर्च मारला तर पाण्याखाली सगळीकडे तेच. त्यांच्यामधून अण्णा सावकाश, ढेरी सांभाळत गेला. एक अळी त्याच्या तोंडासमोरून वळवळत गेली. त्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"सुस्तावलेत सगळे," हनीफ म्हणाला. "मला कळंना, मासे असून अळी कामून? काय खायला घालून राहिले ह्यांना?"

माझी मूठ मिटलेली होती आणि बोटांच्या फटीतून ज्वारीचं पीठ खाली सांडत होतं. त्याने ते बघितलं. मी मूठ तिथेच जमिनीवर उघडली. मुंग्या आल्या.

हनीफने फडक्याने पाणी गाळायला घेतलं. मी बादल्या उपसून दिल्या. बराच वेळ आम्ही दोघे काम करत होतो. मग मी त्याच्या बायकोचं विचारलं, "शकिलाभाभी दिसल्या न्हाईत."

"पडून हाय. डेंगूच झाला होता तिला बी. सरकारी दवाखान्यात होती, आता उतार हाय. म्हनून मी रजेवर हाय."

"कधी झाला?"

"शिवकन्येच्या आधी चार-सहा रोज."

"मग बोलला न्हाईत ते?"

"तुमच्या पोरीचं सुरू झालं, मी कशाला माझं काढू?" तो फडकं पिळत म्हणाला. "आन् डासावर नाव लिव्हलेलं नसतंय, अप्पा. कोनत्या हौदाचा होता, कोन सांगावं."

भिंत हातभर अंतरावर होती. पलीकडे त्यांच्या अंगणात एक रांजण आहे, हनीफ तो दर जुम्म्याला स्वतः घासतो, हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. आम्ही दोघांनी ते बोलायचं टाळलं.

लातूरला परतताना मी ठरवलं, गौरम्माला काही सांगायचं नाही. जिच्या हाताने झालं तिचा दोष नव्हता. चेष्टा माझी होती. तिने फक्त ती खरी मानली. पण दवाखान्याच्या पायऱ्यांवरच ती भेटली आणि पहिला प्रश्न तोच.

"जेवले का?"

"हाव," मी म्हणालो. तिने मान डोलावली.

त्या रात्री शिवकन्येच्या पोटात दुखायला लागलं. आठवा पुरा झालेला नव्हता. धावपळ झाली, आम्हाला बाहेर काढलं, रक्ताच्या पिशव्या आणायला जावई धावला. उजाडताना मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. शिवकन्येच्या पेशी आणखी उतरल्या आणि मग, कुणी काही वेगळं न करता, हळूहळू चढायला लागल्या. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या तेव्हा मी त्यांच्या पायाच पडणार होतो, गुरम्माबाईंनी मागे ओढलं.

काचेच्या पेटीजवळ आजी म्हणून गौरम्माला एकदा आत जाऊ दिलं. मी दारातून बघत होतो. नर्सबाईने तिला आधीच बजावलं, "आजी, तोंडात काही घालायचं नाही. मध नाही, पाणी नाही, बोटसुद्धा नाही." गौरम्मा पेटीपुढे उभी राहिली. तिचा उजवा हात सवयीने पुढे झाला, चिमटीत पीठ धरावं तशी बोटं जुळली होती. मग तिने तो हात पदराखाली घेतला.

बाहेर आल्यावर ती बाकड्यावर माझ्याशेजारी बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "उद्या परत जा घरी. मासे उपाशी असतील."

आता मात्र मला खोटं बोलवेना. मी सांगितलं. वाटी, अळ्या, अण्णा, शकिला, सगळं. ती ऐकत राहिली. समोर भिंतीवर हात धुण्याचं चित्र लावलेलं होतं, तिकडे बघत राहिली.

"म्हंजी माझ्याच हातानं," ती शेवटी म्हणाली.

"माझ्या जिभेनं," मी म्हणालो. "तू फक्त ऐकलंस."

ती रडली असती तर बरं झालं असतं.

शिवकन्या आधी घरी आली, बाळ दिवाळी उलटल्यावर आलं. गौरम्माने हौदावर जायचं सोडलं नाही. घरी परतल्यावर पहिल्याच सकाळी ती कडेला उभी राहिली, तिची सावली पडली, मासे धावत आले, तोंडं वर करून उघडझाप करायला लागले. तिच्या हातात काही नव्हतं.

"आज सोमवार हाय," तिने त्यांना सांगितलं. "उपास."

तो खरंच सोमवार होता. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तेच म्हणाली.

"अगं, आज मंगळवार," मी म्हणालो.

"ह्या हौदात सोमवारच."

जिवाला उपाशी ठेवणं तिला जमणारं नव्हतं. पण उपास करायला लावणं हे वेगळं. ते ती माझ्या बाबतीतही करत आली होती. मी विचारलं, "आणि ते अळ्या खातेत त्याचं काय?"

"उपासाला अन्न चालत न्हाई. बाकी कोनाला काय चालतं ते ज्याचं त्यानं बघावं."

आठवडाभरात मासे चपळ झाले. अण्णाची ढेरी उतरली. हनीफने टॉर्च मारून बघितलं, वाटीत एक अळी सापडली नाही. त्याने हे मासे सोडलेल्या गल्लीतल्या इतर घरांतही सांगितलं, आणि मग कळलं की दासोह एकट्या आमच्याच हौदात चालू नव्हता. कुणी चपातीचे तुकडे घालत होतं, कुणी एकादशीला साबुदाणा. हनीफ घोकून घोकून थकला होता की माशांना खायला घालू नका. आता तो दारात जाऊन एवढंच म्हणायचा, "गौरम्माभाभीचे मासे सोमवार पाळून राहिले." बायका समजून घ्यायच्या. त्या हिवाळ्यात गल्लीतले सगळे मासे धार्मिक झाले. मोंढ्यात मला कुणीतरी ही बातमी सांगितली. मी हसलो नाही.

कारण घरात दुसरंच सुरू झालं होतं. गौरम्माने हाताने कुणाला काही घालणंच बंद केलं होतं. दारातल्या गाईची भाकरी ती माझ्या हातात द्यायची, "तुमी घाला." कुत्र्याचं तसंच. दारी जंगम आले तर झोळीत पीठ वाढायला शिवकन्येला उठवायची. बाळाला अंगाखांद्यावर घ्यायची, न्हाऊ घालायची, तिचं अंग करडीच्या तेलाने रगडायची, पण औषधाचे थेंब पाजायची वेळ आली की बाळ दुसऱ्याच्या मांडीवर. शिवकन्या एकदा चिडली. "अव्वा, तुझ्या हाताला काय झालंय?" गौरम्मा म्हणाली, "काही न्हाई." मला माहीत होतं काय झालंय. मला ते रोज दिसत होतं आणि माझ्याकडे एकही चेष्टा उरली नव्हती.

बाळाचं नाव शांभवी ठेवलं. चैत्रात तिचं उष्टावण धरलं. बाळ अशक्त म्हणून शिवकन्या अजून माहेरीच होती, त्यामुळे ते आमच्याच घरी. आमच्याकडे पहिला घास आईच्या आईने घालायचा असतो. निलंग्याची मंडळी आली, संगप्पा आला, थोरले अण्णासुद्धा रुसवा सोडून आले. हनीफ आणि शकिला दाराजवळच्या खुर्च्यांवर बसले होते. पाटावर शिवकन्या, मांडीवर शांभवी, पुढे चांदीच्या वाटीत तांदळाची खीर.

गौरम्माने चमचा उचलला. खीर घेतली. हात निम्म्यावर गेला आणि थांबला. शांभवीने तोंड उघडलं होतं. सगळे बघत होते. हात पुढेही जाईना, मागेही येईना.

"ईनबाई, तुमी घाला," ती म्हणाली.

"मी कामून?" गुरम्माबाई म्हणाल्या. "पहिला मान तुमचा."

"न्हाई. माझा हात..." संगप्पा उगाच खाकरला. मी सवयीने वर बघितलं, पण वर छत होतं.

तेव्हा हनीफ उठला. चपला बाहेर होत्या, तसाच दोन पावलं पुढे आला आणि पाटाच्या अलीकडे थांबला.

"भाभी," तो म्हणाला, "घालू नका म्हनलं होतं ते माशांसाठी. ही तुमची नात हाय. हिला उपाशी ठेवायचं न्हाई. घाला हिला."

गौरम्माने त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या मागे बसलेल्या शकिलाकडे. शकिलाने मान हलवली. "घालो ना भाभी," ती म्हणाली. "बच्ची कब से मुंह खोलके बैठी है."

गौरम्मा रडायला लागली, सहा महिने साठवलेलं सगळं, सगळ्यांसमोर, आवाज करून. आणि रडत रडतच तिने तो चमचा पुढे केला. शांभवीने पहिला घास थुंकला. दुसरा तोंडात धरून विचार केला आणि गिळला. तिसऱ्याला तिने चमचाच पकडला. माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं आणि ते मी पुसलं नाही.

जेवणं झाली. गौरम्माने सगळ्यांना स्वतः वाढलं, हनीफला खिरीची तिसरी वाटी नको नको म्हणताना वाढली. मग ती उष्ट्या वाटीत उरलेली खीर घेऊन अंगणात गेली. मी मागोमाग गेलो. गाय दारात उभी होती. वाटी तिने गाईपुढे धरली आणि हौदाकडे वळून बघितलं. मासे तोंडं वर करून जमले होते.

त्या दिवशी गुरुवार होता. हौदात सोमवार होता. ती रिकामी वाटी घेऊन घरात आली.